गटार ओढ्याला मिळतं, तिथून पुढे काय करायचं?

ओढ्याकाठचा

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय. पुढच्या महिन्यात आमच्याकडे ग्रामसभा आहे आणि तिथे उभं राहून बोलायचं तर आधी माझ्याच डोक्यात सगळं स्वच्छ हवं.

आमचं गाव नीरेच्या खोऱ्यात. वस्ती सात हजारांच्या घरात. कारभार ग्रामपंचायतीचा, पण बाजारपेठ, हायस्कूल, सोसायटी, गुरुवारचा बाजार असं सगळं असल्याने घरं एकमेकांना चिकटलेली. खालच्या अंगाला पाटाचं पाणी आणि ऊस, वर माळ, मधून ओढा. लहानपणी त्या ओढ्यात आम्ही खेकडे धरलेत. दसऱ्याच्या आधी गावातल्या बायका गोधड्या धुवायला तिथेच जायच्या.

घरोघरी नळ आले आणि चित्र बदललं. पूर्वी दिवसाआड तासभर पाणी यायचं, बाया हंड्यांवर हिशोब करायच्या. आता पाणी रोज येतं आणि त्याचा आनंद मलाही आहे. माझ्या आईने अर्धं आयुष्य डोक्यावर हंडा वाहिला आहे. पण आलेलं पाणी मोरीतून बाहेर पडतंच. गटारं भरून वाहतात आणि सगळी गटारं ओढ्याला मिळतात. उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा आता बारा महिने वाहतो, काळा. खालच्या डोहावर जलपर्णी इतकी दाट की कुत्रं त्यावरून चालत जाईल. काठावरच्या दोन विहिरींच्या पाण्याला जनावर तोंड लावत नाही.

आता पंचायतीपुढे एक प्रस्ताव आलाय. ओढ्याच्या तोंडाशी यंत्रावर चालणारा सांडपाणी प्रकल्प. ब्लोअर, पंप, लोखंडी टाक्या, रंगीत चित्रं, सगळं छान. पण पलीकडच्या एका गावात असाच प्रकल्प मी जाऊन पाहिला. वर्षाच्या आत बंद पडलेला. शेडला कुलूप, आत गवत, आणि गटार बाजूने वळवून थेट ओढ्यात सोडलेलं. वीजबिल कोणी भरायचं यावरून थांबलं ते थांबलंच, असं तिथल्या शिपायाने सांगितलं.

ज्यांनी असं काही बांधलंय, चालवलंय किंवा बंद पडताना पाहिलंय, त्यांनी लिहा. आमच्यासारख्या गावाला काय झेपेल?

जुना_ओव्हरसियर

तीस वर्षं पाणीपुरवठा आणि जलनिस्सारणाच्या कामांवर काढली आहेत, म्हणून आधी आकडेमोड करू. त्याशिवाय बोलणं हवेत राहतं.

नळयोजना माणशी रोज ५५ लिटर धरून आखलेली असते. त्यातलं साधारण ६५ टक्के पाणी मोरीतून सांडपाणी म्हणून बाहेर येतं, म्हणजे माणशी ३६ लिटर. सात हजार माणसांचे झाले रोजचे अडीच लाख लिटर, २५० घनमीटर. शहराच्या मानाने हे काहीच नाही. पण पहाटे साडेपाच ते नऊ या वेळात यातलं निम्म्याहून जास्त येतं आणि दुपारी गटार जवळजवळ कोरडं असतं. यंत्राला ही ओढाताण सोसत नाही.

तुम्हाला दाखवलेल्या प्रकल्पात टाकीत हवा फुंकून जिवाणू वाढवतात. ते जिवाणू घाण खातात आणि त्यांचा गाळ खाली बसतो. पद्धत चांगली आहे, शहरांत चालते. पण हवा चोवीस तास लागते. आपल्याकडे भारनियमन आणि फ्यूज गेला की दोन दिवस वायरमन येत नाही. काही तासांत ते जिवाणू गुदमरायला लागतात, टाकी सडते, आणि पुन्हा घडी बसायला आठवडे जातात. शिवाय तयार होणारा गाळ रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागतो. तो काढणारा प्रशिक्षित माणूस गावात पगारावर ठेवणार का? पलीकडच्या गावात जे झालं ते यंत्र वाईट म्हणून झालेलं नाही. चालवण्याची तरतूद आराखड्यात कोणी केलीच नव्हती.

आता दुसरा मार्ग. स्थिरीकरण तळी. तीन तळी एकापुढे एक. पहिलं खोल, तीन मीटरचं. तिथे पाणी दोन दिवस थांबतं, गाळ खाली बसतो आणि हवेविना कुजतो. याला लागेल ५०० घनमीटर, म्हणजे दोन गुंठ्यांच्या आत. दुसरं दीड मीटर खोल, दहा दिवस थांबण्याचं. त्यात वरच्या थरात शेवाळ वाढतं, ते उन्हात प्राणवायू सोडतं आणि तोच प्राणवायू घेऊन जिवाणू काम करतात. यात ब्लोअरचं काम सूर्य करतो. याला सतरा गुंठे. तिसरं मीटरभर खोल, पाच दिवसांचं, तिथे उन्हाने रोगजंतू मरतात. त्याला बारा-तेरा गुंठे. बांध आणि फिरायला वाट धरली की एक एकर. वीज शून्य, कारण तुमचा ओढा उताराने खालीच जातोय.

जागा आहे का, एवढाच प्रश्न. गायरान असेल तर आत्ताच सांगा.

टेंभुर्णीचा_शेजारी

मी नांदेडकडचा. एवढं पाणी गटारातून गोळा करून मग शुद्ध करायचं हाच उलटा कारभार वाटतो मला. गटारच कशाला हवं?

हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी म्हणून गाव आहे. तिथे घरोघरी शोषखड्डे केले आणि उघड्या नाल्याच बंद केल्या. पुढे जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांनी ते उचललं, म्हणून लोक त्याला नांदेड पॅटर्न म्हणतात. काम सोपं आहे. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खड्डा. मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूला भोकं. भोवती दगडगोटे, तळाला मोठे, वर बारीक. मोरीचं पाणी टाकीत पडतं, खरकटं, केस, प्लास्टिक टाकीत राहतं, निवळ पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत. वर्षा-दोन वर्षांनी टाकी साफ केली की झालं. रोजगार हमीतून होतं.

आमच्या वस्तीवर झाल्यापासून संध्याकाळी अंगणात बसता येतं. आधी डासांमुळे जेवण घरात दार लावून व्हायचं. तुमच्या सात हजार लोकसंख्येला किती घरं असतील, पंधराशे? पंधराशे खड्डे. प्रत्येकाचा ज्याचा त्याच्या दारात, दुसऱ्यावर अवलंबून नाही. तळ्याला जागा शोधा, भांडा, कोर्टात जा, त्यापेक्षा हे बरं.

काळं_रान

दादा, तुमच्याकडे खाली मुरूम लागला असेल. आमच्या गावातही तुमचं पाहूनच केलं होतं. आमची जमीन काळी, पंधरा फूट खोल काळीच. पहिल्या पावसाळ्यात खड्डे तुडुंब भरले आणि पाणी उलटं मोरीत आलं. दोन वर्षांत लोकांनी पाइप पुन्हा रस्त्यावर काढले. खड्डा केला तेव्हाचे फोटो मात्र अजून पंचायतीच्या भिंतीवर आहेत.

ओढ्याकाठचा यांचं गाव पाटाखालचं आहे. ऊस म्हणजे जमिनीत पाणी वरच उभं. पाट सुटला की खड्डा खालून भरणार. एकही खड्डा खणायच्या आधी जमीन तपासा. फूटभर खोल भोक घ्या, पाण्याने भरा, रात्रभर मुरू द्या, सकाळी परत भरून घड्याळ लावा. पाणी इंचभर उतरायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. तासाभरात इंचही उतरलं नाही तर तिथे शोषखड्ड्याचा नाद सोडा. प्रत्येक आळीत वेगळं उत्तर येईल.

टेंभुर्णीचा_शेजारी

मान्य. जमीन न पाहता करू नये. काळ्या रानातला मुरूम किती खोल आहे ते बघून खड्डा तिथपर्यंत नेता येतो, पण पंधरा फूट कोणी नेणार नाही.

दवाखाना

एक दुरुस्ती, कारण ग्रामसभेत हा गोंधळ नक्की होईल. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. तो स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पिंप, कूलर, टायर, फ्रिजमागची ताटली. गटारात आणि सेप्टिक टाकीत वाढतो तो क्यूलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. गटार बंद झालं म्हणून पिंप उघडं ठेवलं तर डेंग्यू आहे तिथेच राहील. हे स्पष्ट सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी पेशंट सापडला की लोक म्हणतील तुमच्या तळ्यानेच झालं.

मला त्याहून जास्त काळजी आहे ती तुम्ही एका ओळीत लिहिलेल्या दोन विहिरींची. जनावर पाण्याला तोंड लावत नाही म्हणजे त्यात मोरीचं पाणी तरी आहे किंवा मैला. तुमच्या गावात शौचालयांचं पाणी कुठे जातं? आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसात हगवण-उलटीचे पेशंट एकाच आळीतून येतात. तिथे बहुतेक वेळा सेप्टिक टाकीचा पाइप गटारात असतो आणि गटारातूनच गेलेल्या नळाच्या पाइपाला कुठेतरी चीर असते. पाणी बंद झालं की पाइप आतून रिकामा होतो आणि बाहेरची घाण ओढून घेतो.

विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेटही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. त्याहून जास्त असेल तर तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी कधीही वापरू नये. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं.

मोरीमागची_केळ

डॉक्टरांनी योग्य जागी बोट ठेवलं. मी दोन वेळा पंचायत सदस्य होते, म्हणून सांगते, ग्रामसभेत सगळे "सांडपाणी सांडपाणी" म्हणतात पण त्यात दोन वेगळी पाणी आहेत. मोरीचं वेगळं, संडासाचं वेगळं. मोरीच्या पाण्याला आपल्या आज्यांनी काय केलं ते आपण विसरलो. मोरीमागे केळ, अळू, कर्दळ. पाणी तिथेच जिरायचं. माझ्या सासरच्या जुन्या वाड्यात त्या केळीचे घड सणाला पुरायचे. तेव्हा भांड्याला राख आणि अंगाला डाळीचं पीठ होतं, आता पावडर आणि शाम्पू आहेत हे खरं. शिवाय आता मोरीमागे जागाच नाही, भिंतीला भिंत आहे. तरी ज्यांच्या मागे दोन हात जागा आहे त्यांना आधी परसबाग करायला सांगा. आमच्या गावात बचतगटाच्या बायकांनी हे केलं, कोणाच्या अनुदानाची वाट पाहिली नाही.

संडासाचं पाणी मात्र परसात नको, अळूला तर मुळीच नको.

आणि एक विचारते. तुमच्याकडे सेप्टिक टाक्या कोण उपसतं? आमच्या गावात एका घराने दोन माणसांना टाकीत उतरवलं होतं. मी तिथे पोहोचले तेव्हा एक जण आत वाकलेला होता. त्याला वर काढला आणि तो वाचला, म्हणून आज हे लिहू शकते. माणसाला अशा कामाला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आतल्या वायूने माणूस ओरडायच्या आत पडतो. तुमच्या आराखड्यात तळी, यंत्रं सगळं असेल. त्यात हा माणूस कुठे आहे ते पाहा.

गाडीवाला

बरेच दिवस वाचतो इथे, पहिल्यांदा लिहितोय. माझी मैला उपसायची गाडी आहे. ट्रॅक्टरमागे चार हजार लिटरची टाकी आणि सक्शन पंप. आजूबाजूच्या पंचवीसेक गावांत जातो.

खरं सांगतो. लोक टाकी भरली म्हणून बोलवत नाहीत, संडास तुंबला म्हणून बोलवतात. टाकी भरली की गाळ पाण्याबरोबर गटारात जात राहतो, घरच्याला काही कळत नाही. पंधरा-पंधरा वर्षं न उघडलेल्या टाक्या बघितल्यात. वर फरशी, वर तुळशीवृंदावन. खाली गाळ दगडासारखा झालेला, पंप ओढत नाही. मग घरवाला म्हणतो एक माणूस उतरव. मी नाही उतरवत. पाणी मारून मारून जेवढं सुटेल तेवढं घेतो, बाकी राहतं. माझे दोन फेरे याच कारणाने इतरांकडे गेलेत.

भरलेली गाडी कुठे सोडतो हे कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. शेतकरी बोलावतो त्याच्या पडीक रानात. तो नसेल तर लांब, आडबाजूला. ओढ्यात सोडणारे आहेत. मीही सुरुवातीला सोडलंय. रात्री. एकदा सकाळी त्याच ओढ्यावर शेळ्या पाणी पिताना बघितल्या आणि त्यानंतर बंद केलं. पण दुसरी जागा कुठे आहे? पंचायतीत विचारलं तर म्हणतात गावात आणू नको. तहसीलला विचारलं, पंचायतीत जा म्हणाले. एक जागा द्या, कुंपण घाला, मी तिथेच टाकीन. माझं डिझेल वाचेल.

ओढ्याकाठचा

गाडीवाला दादा, तुम्ही हे उघड लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. कदाचित आमच्याच गावातल्या टाक्यांत तुमची गाडी येत असेल.

काल संध्याकाळी डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आमच्या आळीत फिरलो. ४२ घरं. प्रत्येकाकडे संडास. दोन खड्ड्यांचा, म्हणजे एक भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला कुजू द्यायचा, असा फक्त ६ घरांत. बाकी सगळ्या सेप्टिक टाक्या. त्यातल्या २९ टाक्यांचा पाइप थेट गटारात. माझ्या स्वतःच्या घराचाही. वडिलांनी बांधताना गवंड्याने तसाच काढला होता आणि मी आजवर वाकून पाहिलंही नव्हतं. काल रात्री झोप लागली नाही.

आता प्रश्न बदललाय. ओढ्याच्या तोंडाशी काय बांधायचं याच्या आधी गटारात काय येतंय ते बघायला हवं.

जुना_ओव्हरसियर

आता आपण खऱ्या कामाला आलो. एक गैरसमज सगळीकडे आहे, की सेप्टिक टाकी म्हणजे शुद्धीकरण झालं. टाकी फक्त गाळ बसवते आणि थोडा कुजवते. वरून निघणारं पाणी दिसायला बरं असतं, पण घाणीचं मोजमाप, ज्याला आम्ही बीओडी म्हणतो, ते जेमतेम तीस ते पन्नास टक्के कमी झालेलं असतं, आणि रोगजंतू जवळपास सगळे जिवंत असतात. त्या पाइपापुढे शोषखड्डा हवाच, आणि तो विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायलाच हवी, तुंबो वा न तुंबो. तुमच्या त्या २९ घरांचं हे एवढं झालं तरी गटाराच्या पाण्याची जात बदलेल.

जिथे जमीन घेतच नाही तिथल्या टाक्यांचं पाणी गटारातच येणार. तेव्हा तळ्यांचं माप मैलापाणी धरून करा, मोरीचं पाणी धरून नको. माझा एक एकर त्या हिशोबाने बसतो.

कृष्णाकाठ

वाईचा अनुभव सांगतो, कारण गाडीवाला यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे बऱ्यापैकी सापडलं आहे. वाई हे ३६ हजार वस्तीचं गाव, २०११ च्या जनगणनेनुसार. अख्ख्या गावाला भुयारी गटार करणं परवडणारं नव्हतं. म्हणून नगरपालिकेने सेप्टिक टाक्यांनाच व्यवस्था मानलं. प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांत एकदा उपसायची, ठरलेल्या क्रमाने, आळी आळी घेऊन. घरच्याने बोलवायची वाट पाहायची नाही. उपसताना घरच्याकडून पैसे घेत नाहीत, ते स्वच्छता कराच्या रूपाने आधीच घेतलेले असतात. खासगी ठेकेदाराला पैसे मिळतात ते उपसलेल्या टाक्या मोजून. आणि गाळासाठी रोज सत्तर हजार लिटर क्षमतेचा वेगळा प्रकल्प उभारला. सिन्नरलाही हीच पद्धत आणली.

मला यातली क्रमाची गोष्ट सर्वात मोलाची वाटते. तीन वर्षांत उपसलेला गाळ मऊ असतो, पंप सहज ओढतो. गाडीवाला म्हणतात तो दगड तयारच होत नाही आणि माणूस उतरवायची वेळ येत नाही.

सात हजारांच्या गावाला असा प्रकल्प एकट्याने करायची गरज नाही. जवळच्या नगरपालिकेचा असेल तर करार करा. नसेल तर तोवर माळावर खोल चर खणून गाळ त्यात पुरा. कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ पासून गाळाचा प्रकल्प आहे. तिथे गाळ वाळवून ओल्या कचऱ्याबरोबर त्याचं खत करतात आणि शेतकरी ते नेतात.

दूरदेशी

जपानमधून. मी राहतो तो भाग खेडवळच आहे, भातशेतं आणि दूर दूर घरं. इथेही गटारयोजना सगळीकडे पोहोचलेली नाही. अशा घरांना "जोकासो" नावाची टाकी असते, घरामागे जमिनीत पुरलेली, आत छोटा ब्लोअर. संडास आणि मोरी दोन्हींचं पाणी त्यात जातं.

टाकी विशेष नाही, तिच्यामागचा कायदा विशेष आहे. १९८३ चा. त्यानुसार घरमालकाला वर्षातून काही वेळा परवानाधारक माणसाकडून देखभाल करून घ्यावी लागते, वर्षातून एकदा गाळ उपसावा लागतो, आणि या दोघांहून वेगळी तिसरी संस्था वर्षातून एकदा पाणी तपासते. माझ्या घरी तो तपासनीस येतो, झाकण उघडतो, काचेच्या नळीत पाणी घेतो, कागद देऊन जातो. बांधणारा, सांभाळणारा आणि तपासणारा हे तिघे वेगळे ठेवलेत. मला वाटतं ग्रामसभेत मागायचं असेल तर हे मागा. बांधणाऱ्यालाच "चालतंय" असं प्रमाणपत्र द्यायला लावू नका.

काळं_रान

शेतकरी म्हणून विचारतो. तिसऱ्या तळ्यातून निघालेलं पाणी उसाला चालेल का? आमच्याकडे लोक गटाराचं पाणी मोटर लावून सरळ उचलतात, उन्हाळ्यात तेवढंच असतं. जमीन दोन-तीन वर्षांत चिकट होते, पाणी वर साचतं.

जुना_ओव्हरसियर

चिकट होते ती साबणातल्या सोडियमने. शुद्धीकरणाने ते जात नाही, म्हणून ते पाणी पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात मिसळूनच द्यावं आणि दरवर्षी माती तपासावी. उसाला, चाऱ्याला, झाडांना चालेल. कच्ची खायची भाजी असेल, मेथी, कोथिंबीर, काकडी, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये दिलेलं माप धरा. शंभर मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जिवाणू हजाराच्या आत, आणि लिटरमागे जंताचं अंडं एकाहून जास्त नको. प्रयोगशाळेचा कागद हातात असेपर्यंत भाजीला नकोच.

पंजाबात काली बेईं नदीकाठी संत बलबीर सिंग सीचेवाल यांनी लोकांच्या श्रमदानाने नदी स्वच्छ केली, तेव्हा गावांचं सांडपाणी विहिरीसारख्या टाक्यांतून आणि तळ्यातून नेऊन शेतालाच दिलं. शेतकऱ्याला पाणी हवं असेल तर तळं सांभाळायला कोणीतरी राहतं. तुमच्या तळ्याखाली कोणाची रानं आहेत ते आधी बघा. ते लोक तुमचे राखणदार.

तळ्याचे काठ मात्र गवताने भरू देऊ नका. काठाच्या गवतात डास वाढतात. काठ दगडाने बांधा, तिसऱ्या तळ्यात गप्पी मासे सोडा. जागा कमी पडली तर दुसरं-तिसरं तळं सोडून खडीच्या वाफ्यात कर्दळ आणि पाणकणीस लावायची पद्धत आहे, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फायटोरिड नावाने विकसित केलेली. तिथे पाणी खडीच्या आतून जातं, वर दिसत नाही, वास नाही. पण आधी गाळ बसवणारी टाकी हवीच, नाहीतर खडी तुंबते आणि सगळी उपसून धुवावी लागते.

मोरीमागची_केळ

पैशाचं बोला ना कोणीतरी. स्वच्छ भारतच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावांना माणशी २८० रुपये आणि त्यावरच्या गावांना माणशी ६६० रुपये अशी मर्यादा ठरलेली होती. त्यातले तीस टक्के पंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. सात हजारांना हे होतात ४६ लाख २० हजार, पैकी जवळपास १४ लाख पंचायतीचे. पंचायत समितीत जाऊन तुमच्या गावाच्या नावावर यातलं काय मंजूर झालं आणि काय खर्ची पडलं ते लेखी मागा. आमच्याकडे मागितलं तेव्हा कळलं की अर्धी रक्कम उघड्या गटारांच्या सिमेंटमध्ये गेली होती. म्हणजे घाण ओढ्यात आणखी लवकर पोहोचावी म्हणून.

ओढ्याकाठचा

पाच आठवड्यांनी लिहितोय. उशीर झाला, पण काम झालं म्हणून उशीर झाला.

ग्रामसभेच्या आधी तीन रविवार आम्ही अकरा जण पहाटे गटारांच्या कडेने चाललो. हायस्कूलची नववीची मुलं वह्या घेऊन होती. प्रत्येक पाइप कुठून येतो ते लिहिलं. बावीस ठिकाणी पाणी मुरवून पाहिलं. जुन्या गावठाणात, जिथे खाली मुरूम आहे, तिथे इंचभर पाणी बारा-पंधरा मिनिटांत उतरलं. ओढ्यालगतच्या खालच्या आळीत दोन तासांत बोटभरही नाही. म्हणजे टेंभुर्णीचा शेजारी आणि काळं रान दोघंही आमच्या गावात बरोबर निघाले, फक्त वेगवेगळ्या आळीत.

ग्रामसभा साडेतीन तास चालली. यंत्राचा प्रस्ताव बाजूला ठेवला. गावठाणात टाक्यांच्या पुढे शोषखड्डे, खालच्या आळीचं गटार मात्र तळ्यांकडे न्यायचं असं ठरलं. तळ्यासाठी ओढ्याच्या वळणावरचं गायरान सुचवलं तर तिथे दोन घरांचं अतिक्रमण आहे, आणि ती घरं गरिबांची आहेत. त्यांना उठवून तळं करायचं नाही असं मी उभा राहून बोललो. त्यावर बराच गदारोळ झाला. शेवटी वळणाच्या खाली ज्यांची रानं आहेत त्यातल्या एका शेतकऱ्याने तीस गुंठे पंचायतीला भाडेपट्ट्यावर द्यायची तयारी दाखवली, तळ्याचं पाणी पहिलं त्याच्या उसाला या अटीवर. करार अजून व्हायचाय. ओव्हरसियर काका, तीस गुंठ्यांत बसवायचं तर तिसऱ्या तळ्याऐवजी खडीचा वाफा चालेल का, तेवढं सांगा.

टाक्या उपसायचा ठराव मात्र नामंजूर झाला. "आमची तुंबली नाही, आम्ही पैसे का द्यायचे" हेच पुन्हा पुन्हा. मी हरलो तिथे. पुढच्या सभेत परत आणणार आहे.

माझ्या घराचा पाइप मी गटारातून काढला. शोषखड्डा खणताना पाचव्या फुटाला मुरूम लागला. त्या दिवशी समोरच्या तीन घरांनी येऊन बघितलं, त्यातल्या एकाने काल खणायला सुरुवात केली. विहिरींचं पाणी तपासायला दिलंय, कागद आला की डॉक्टरांसाठी इथेच टाकतो.

जुना_ओव्हरसियर

चालेल. पण पहिलं तळं लहान करू नका, काहीही झालं तरी. सोबत जागेचे उतार पाठवा, मी माप काढून देतो. भाडेपट्टा निदान पंधरा वर्षांचा करा आणि अट लेखी घ्या.

गाडीवाला

ठराव पडला तरी माळावर चराला जागा मिळते का बघा. पाणी खोल असेल अशीच जागा बघा, पाटाच्या बाजूला नको. जागा मिळाली तर तुमच्या आळीतल्या पहिल्या पाच टाक्या मी फक्त डिझेलवर उपसून देतो. लोकांना उघडून दाखवू आत काय साठलंय ते. फरशा आधी काढून ठेवायला सांगा, आणि टाकीजवळ बिडी ओढायची नाही.

ओढ्याकाठचा

दादा, सरपंचांशी आत्ताच बोललो. माळावरच्या जुन्या खाणीच्या वरच्या अंगाला जागा बघायला रविवारी सकाळी सातला जातोय. तिथली विहीर साठ फूट खोल आहे आणि उन्हाळ्यात कोरडी असते. तुम्ही याल का?

गाडीवाला

येतो. गाडी वळायला जागा हवी, तेही बघून घेऊ.